सगळे दिवे हिरवे

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

१. काल रस्त्याच्या खोदकामात मंगळवेढ्याकडची दुसरी केबल तुटली. जोडायला आठवडा लागेल.
२. तिकडचा सगळा भार आता एकाच फायबरवर. मोबाइल टॉवरसुद्धा.
३. त्या फायबरमधला प्रकाश खंडेनवमीपासून क्षीण होतोय. फायबरच्या टोकाच्या यंत्राने आपणहून माहितीचा वेग उतरवला.
४. अलार्म वाजला नाही.
५. माझ्या थोरल्या बहिणीचं, वैदेहीताईचं, बाळ मंगळवेढ्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. त्याच्या श्वासाचे आकडे सोलापूरच्या डॉक्टरांना याच फायबरवरून दिसतात. तिथे रात्री फक्त नर्स असते.

पाचवा मुद्दा ऑफिसात कोणाला सांगितलेला नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सोलापुरातल्या आमच्या कंट्रोल रूमचे प्रमुख यज्ञेश्वर सर. त्यांना आलेख दाखवला. "हिरवं दिसतंय ना? मग झालं की!"

म्हटलं, सर, हिरवं म्हणजे ठीक नव्हे. प्रकाश कमी झाला की यंत्र प्रत्येक संकेतावर कमी माहिती भरतं, चुका दुरुस्त करायला जादा बिट पाठवतं. म्हणून इकडे सगळं स्वच्छ पोचतं. पण चुका मर्यादेपलीकडे गेल्या की दुरुस्ती थोडीथोडी बिघडत नाही — एकदम संपते!

"अगं, हुशार आहे म्हणूनच हे यंत्र घेतलं. तू त्याच्यावर कडी करू नकोस."

वेग उतरल्याचा अलार्म त्यांनीच पावसाळ्यात बंद करून घेतला. फार वाजायचा म्हणून.

बुधवार, ८ ऑक्टोबर

वेग पुन्हा उतरला. आता यंत्राला उतरायला पायरी उरलेली नाही.

ताईचा फोन. "बाळानं आज बोट धरलं गं माझं." छान म्हटलं. डोळे स्क्रीनवर.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आलेख मोठा करून पाहिला. प्रकाश हळूहळू घसरत नाही. झटक्याने उतरतो, थांबतो, पुन्हा झटका. कोणी ओढतंय?

मंगळवेढ्याचं स्टेशन सांभाळणारा सोमलिंग फोनवर म्हणाला, "म्याडम, हितं समदं बेस हाय. रोज मशिनीच्या कपाटाचं दार उगडून बगतोय की मी!"

रोज दार उघडून.

उद्या पहिल्या एसटीने जाते.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सोमलिंगला दार उघडू दिलं नाही. कपाटाचं मागचं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. खंडेनवमीच्या पूजेची झेंडूची माळ! दोरा पिवळ्या फायबरच्या वेढ्यातून ओवून दाराच्या कडीला बांधलेला. दार उघडलं की दोरा ताणतो, फायबर आणखी दुमडतो, त्या वाकणातून प्रकाश गळतो.

"यज्ञेश्वर सायबांनीच फोटू पाटवला हुता. आशीच बांदा म्हणून."

काढा ती.

"पूजेची माळ हाय म्याडम. वाळून पडल्याबिगर काडत न्हाईत. तुमीच काडा, मी तिकडं बगतो." हात जोडले आणि पाठ फिरवली.

कात्रीचं टोक दोऱ्याखाली सरकवलं. चुकून फायबर कापला गेला तर? दोरा तुटला. प्रकाशाचा आकडा चढला. वेग दोन पायऱ्या वर.

मग दवाखान्यात गेले. काचेवर हात ठेवला. ताई म्हणाली, "रडतेस होय? तू?"

शनिवार, ११ ऑक्टोबर

फोटो सगळ्या स्टेशनांना गेला होता. आज एकेका स्टेशनाचा आलेख उघडून पाहिला. बार्शी, अक्कलकोट, कुर्डुवाडी — खंडेनवमीला पहिली घसरण, मग झटके. सगळे दिवे हिरवे. कुर्डुवाडी शेवटच्या पायरीवर. दार उघडू नका म्हणून फोन केले. माळ काढायला कोणी तयार नाही — "सायबांना इचारा."

त्या टोकांना कोणाची बाळं आहेत, मला माहीत नाही.

सरांना पाठवलं, ते असं: "सर्व स्टेशनांवरच्या माळा काढण्याचा आदेश द्यावा. वेग उतरल्याचा अलार्म पुन्हा चालू करावा. उद्या, रविवार १२ ऑक्टोबरपर्यंत लेखी उत्तर द्यावे."