इंग्रिडबाईंची सुट्टी

ती. आई,
साष्टांग नमस्कार. इथे दुबईत, करामा भागात, आम्ही सगळे बरे आहोत. तुझा खोकला गेला का?

आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात इंग्रिड नावाच्या जर्मन बाई येतात. वय बासष्ट. दरवर्षी त्या क्रोएशियात, कपडे न घालता राहणाऱ्यांच्या वसाहतीत सुट्टी घालवतात. इथे असलं चालत नाही, म्हणून तिकीट काढताना मी आवाज खाली घेते. हसू नकोस. पूर्वी तिथे म्हातारी जोडपीच असत म्हणे. आता तरुण मुली मैत्रिणींबरोबर येतात, आणि कुणी फोटो काढू नये म्हणून सगळ्यांचे फोन दारातच जमा करून घेतले जातात.

यंदा त्यांचंही तुझ्यासारखंच ऑपरेशन झालं, एक स्तन काढला. मी विचारलं, "तरी जाणार?"

"पहिली दहा मिनिटं लोक बघतील," त्या म्हणाल्या. "मग जेवायला बोलावतील."

तुझे जावई म्हणतात, "आईंना हे कशाला लिहितेस?" पण गेल्या दिवाळीत तू मला पाठीला तेल लावू दिलं नाहीस. न्हाणीला आतून कडी घातलीस आणि मी बाहेर वाटी घेऊन उभी राहिले.

या दिवाळीला मी येते आहे. तेल मीच लावणार. व्रण दिसला तर दिसला. मी तुझीच मुलगी आहे.

तुझी,
पर्णिका