वाकडी करंगळी

१२ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी ठणठणीत आहे. चित्रशाळेच्या खिडक्यांना काचा उरल्या नाहीत, त्यामुळे उजेड फुकटात भरपूर मिळतो! आईला सांग, मी दोन वेळा जेवते.

तुझी चिठ्ठी पोचली. ‘ह्यांच्या चित्राला हात लावू नकोस,’ एवढंच लिहिलंस. नाही लावला. सभागृहातलं भावोजींचं तैलचित्र जसंच्या तसं आहे. नव्या समितीचे मास्तर आले होते. आता सभागृहाचा कारभार त्यांच्याकडे. म्हणाले, “बाई, साहेबांच्या तोंडाला काळं फासा.”

“माझ्याकडे काळा रंगच नाही.”

“चित्रकाराकडे काळा नाही?”

“कधीच नसतो. निळ्यात तपकिरी मिसळून सावल्या करते. काळा लावला की चित्र मरतं.”

मास्तर चक्रावले. मग खोचकपणे म्हणाले, “घरचं माणूस म्हणून हात आखडता घेताय.” अस्सा राग आला! भावोजींची राजवट उलथावी म्हणून वर्षभर मोर्चांचे फलक कोणी रंगवले, त्यांच्या काकांनी?

पण ताई, चित्र मी तुझ्यासाठी राखलेलं नाही. किती वेळ इकडचं तिकडचं लिहू? गोळीबार झाला तेव्हा मी चौकात होते. माझ्या शेजारी आपली दूधवाली होती. ती पडली ती उठलीच नाही. सज्ज्यातून हात उंचावून ज्यानं हुकूम दिला, त्याचं तोंड खांबाआड होतं. दिसला तो फक्त हात.

भावोजी कोर्टात सांगतात, “मी तिथे नव्हतोच.”

चित्र रंगवताना तो हात मी तीनदा खोडून पुन्हा काढला होता. करंगळी सरळ काढली की भावोजी वाटायचेच नाहीत. शेवटी तूच हसत म्हणालीस, “राहू दे गं वाकडीच. तीच खरी.” म्हणून चित्रात ती तशी आहे, सज्ज्यात दिसली तशीच.

उद्या मी साक्ष देणार आहे. चित्र कोर्टात आणायला मीच सांगितलंय. मला जराही शंका नाही, भीतीही नाही. रडू येतंय ते तुझ्यासाठी, आणि ते मी थांबवत नाही.

हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको होतं. साक्ष झाली की तुझ्याकडे येते. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी पायरीवर बसून राहीन.

उद्यानंतरही तुझीच,
छोटी