टीव्ही, सूप आणि बाकीची इस्टेट

लिहून ठेवणार: पुष्पावती सूर्यभान मरकड, वय अडुसष्ट, धंदा शेती आणि घरकाम, राहणार चिंचेवाडी, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, आमच्या तोंडी अजून नगरच.

हे मृत्युपत्र मी माझ्या राजीखुशीनं लिहिते. डोकं ठिकाणावर हाय, चष्मा नाकावर हाय, आणि मागं उभं राहून कुणी लिहून घेत न्हाई. नगरच्या वकीलबाई नीलांबरीताईंनी तयार मसुदा दिलता. पण तो वाचला तर त्यात मीच काय, कुणीबी मेलं असतं तरी चाललं असतं. म्हणून सातवीपर्यंतच्या शाळेवर भिस्त ठेवून माझ्या हातानं लिहिते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं न्हाई. मरायची काही घाई न्हाई, पण अलीकडं माझा मुलगा अजिनाथ घरी आला की माझ्याआधी टीव्हीकडं बघतो. म्हणून लिहून ठेवलेलं बरं.

कलम एक. राहतं घर, अंगण आणि ओढ्याकडचं रान अजिनाथला. तो नागापूरला कारखान्यात हाय, गावात यायचा न्हाई, घर विकील. विक बाबा. फक्त विकायच्या आधी एक दुपार ओट्यावर बसून बघ. मग बोल.

कलम दोन. पाटल्या आणि मोहनमाळ लेक जयाला. जया कुठलाबी सिनेमा पळवत पळवत बघते आणि म्हणते, "आई, मधलं सगळं सारखंच असतं." बाळे, तुझ्या बापाबरोबरचा माझा संसार सगळा मधलाच हुता. पाटल्या सावकाश घालत जा. बँकेतली ठेव दोघा भावंडांनी निम्मी निम्मी घ्यावी. भांडण करायचंच असंल तर माझं तेरावं झाल्यावर करावं, पाहुण्यांना जेवू द्यावं.

कलम तीन. खुरपी, विळे, पाट्या सुनेला. दगडी जातं भागवत गिरणीवाल्याला. त्यानं जन्मभर माझं दळण जाड दळलं. आता त्यानं घरी जातं फिरवून बघावं म्हणजे कळंल.

कलम चार. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो मोठा टीव्ही.

आमचे मालक, म्हणजे कैलासवासी सूर्यभान, नागापूरच्या कारखान्यातनं रिटायर होऊन घरी बसले तवा फंडातनं हा टीव्ही आणला. अजिनाथनं त्यात जगभरचे सिनेमे आणि सिरियली बघायची सोय करून दिली. आमा दोघांची खाती वेगळी, मालकांच्या खात्यावर "अण्णा", माझ्या खात्यावर "आई". तवापासून दुपारची भांडी झाली की आळीतल्या बाया आमच्याकडं. हात बियाण्याच्या शेंगा फोडायला आणि डोळे टीव्हीवर. मधी एक रिकामं सूप. सिनेमा संपला की प्रत्येकीनं मत द्यायचं. आवडला तर सुपात दाणा टाकायचा, भिकार असंल तर टरफल.

आता पहिलं मत कुणाचं? टीव्ही माझा, लाईटबिल माझं, चहा माझा. पण सगळ्यांच्या नजरा साळूबाईंच्या हाताकडं. साळूबाई म्हणजे माझी चुलत जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. सिनेमा शेवटाला आला की त्या डोक्यावरचा पदर पुढं ओढून गप बसायच्या. बाया एकमेकींना खुणावायच्या, "रडत्यात बिचाऱ्या. लई मायाळू जीव." मग पदर मागं सारून, डोळे पुसून त्या दाणा टाकायच्या, की झाली दाण्यांची रास.

मी मुद्द्याचं बोलायची. खुनाची सिरियल असली तर चहाला उकळी यायच्या आत खुनी कोण ते सांगायची. एका इंग्रजी सिरियलीत भावंडं बापाच्या हॉटेलासाठी भांडून भांडून शेवटी एक झाली. मी म्हणाले, "आपल्याकडं तेवढ्यात कोर्टाची पहिली तारीखबी पडली नसती." कुणी हसलं न्हाई. साळूबाई नुसतं म्हणाल्या, "गुणी हायेत गं लेकरं," आणि दाणा. माझं टरफल सुपात एकटंच, मुंजासारखं.

बायांचं जाऊ द्या. मालकसुद्धा! नवी सिरियल लावायची म्हणली की भिंतीवरनं हाक मारायचे.

"वहिनी, कशी हाय हो ही?"

साळूबाईंनी नातीच्या मोबाईलवर आधीच बघितलेली असायची. "लावा भावजी. शेवट लई गोड हाय."

मी तिथंच शेंगा फोडत बसलेली, पण मला न्हाई इचारायचे. एकदा मी फुगले तर म्हणाले, "तुला इचारलं की तू शेवटच सांगून टाकती." खरं हाय ते. शेवट माझ्या पोटात राहत न्हाई. पण म्हणून बायकोला डावलून भिंतीपलीकडं इचारायचं व्हय?

मग ती बोटवाल्याची सिरियल आली. कोरियाची, पण हिंदीत बोलायची. बोटवाला वादळात समुद्रात जातो आणि बायको काठावर वाट बघत बसती. मालक तिच्यात पार बुडाले हुते. शेवटचा भाग तेवढा राहिला आणि त्यांच्या छातीत कळ आली. नगरच्या दवाखान्यात ठेवलं. साळूबाई भेटायला आल्या तवा मी खाली चहा आणायला गेल्ते. वर येते तर मालक हसत हुते. माझ्याकडं बघितलं आणि जास्तच हसले.

"काय झालं वो?"

"काय न्हाई. वहिनींनी बोटवाल्याचा शेवट सांगितला."

"मलाबी सांगा की."

"तू गप. चहा दे आधी."

त्याच आठवड्यात मालक गेले.

बायांनो, तुमीच सांगा. जन्मभर त्यांचा डबा मी बांधला, आणि शेवटचं हसू भिंतीपलीकडच्या वाट्याला. ते हसू माझ्या घशात काट्यासारखं अडकलं. दहाव्याला इचारलं, वर्षश्राद्धाला इचारलं, "साळूबाई, काय सांगितलं हुतं यांना?" त्यांचं एकच, "आधी शेवट बघ की पुष्पे, मग बोलू." मी म्हणायची, बघत न्हाई ज्जा! "अण्णा"च्या खात्यात तो भाग तसाच थांबवून ठेवला. कुणाला हात लावू दिला न्हाई.

पण मृत्युपत्र लिहायला बसले आणि टीव्ही कुणाला हे काही ठरंना. म्हणून परवा साळूबाईंना एकटीलाच बोलावलं आणि तो भाग लावला. शेवट जवळ आला, त्यांनी पदर पुढं ओढला, तशी मी त्यांचा हात घट्ट धरला. म्हणाले, "उघड्या डोळ्यानं बघा."

तर बोटवाला येत न्हाई. रिकामी बोट तेवढी काठाला लागती.

"अगं बया," साळूबाईंच्या डोळ्यातनं घळघळ पाणी. "म्हंजे येतच न्हाई त्यो?"

"तुमी तर बघितली हुती!"

"कुठली गं बघती! मला शेवट कधी दिसलाय? माझा डोळाच लागतो. जाग आली की वाटतं, झालं असंल चांगलंच. मग टाकते दाणा."

म्हंजे तो पदर, ती माया, ते बायांचं खुणावणं, सगळी झोप! आणि त्या झोपेपुढं माझं जागं डोकं इतकी वर्षं फुकट गेलं. मी ओरडणारच हुते, पण आधी माझा काटा काढायचा हुता.

"मग यांना काय सांगितलं?"

"काय सांगणार त्या टायमाला? म्हणलं, येतो भावजी, येतो. भिजून चिंब होऊन येतो. आणि बायको त्याला पिठलं-भाकरी वाढती."

"कोरियात पिठलं?"

"भावजीबी तेच म्हणले. मी म्हणलं, व्हय, आणि आपल्या पुष्पीसारखंच, पातळ, ताटातनं पळणारं. तर जे हसत सुटले! म्हणले, मग येणारच की त्यो घरी. तेवढ्यात तू आली चहा घेऊन."

माझं पिठलं पातळच असतं. त्यांना तसंच लागायचं.

आता लिहिते ते नीट वाचावं. मालकांनी मला इचारलं असतं तर मी तो भाग बघून आले असते, आणि जे हाय तेच सांगितलं असतं. रिकामी बोट. एवढं कबूल करते, पण म्हणून माझा हेवा फिटला असं कुणी समजू नये. उलट वाढलाय. माझ्याच पिठल्यावर माझ्याच नवऱ्याला दुसरीनं हसवलं. हा हेवा मी कुणाच्या नावावर करत न्हाई. वर गेल्यावर मालकांपुढं काढायला तो माझ्याबरोबर येईल.

तरी टीव्ही आणि सूप साळूबाईंना देते. त्या असेपर्यंत त्यांचा, त्यांच्यामागं अजिनाथचा. अटी अशा. "अण्णा"चं खातं कुणी पुसायचं न्हाई, महिन्याचे पैसे अजिनाथनं भरावेत. बायांची बैठक मोडायची न्हाई. सिनेमा कितीबी चांगला असो, सुपात एक टरफल माझ्या नावानं पडलं पाहिजे. आणि शेवट आला, साळूबाईंनी पदर पुढं ओढला, तर कुणी त्यांना उठवू नये. जाग आल्यावर त्या सांगतील तोच शेवट.

साक्षीला सही करायची साळूबाईंना लई हौस हुती. पण वकीलबाईंनी बजावलंय, जिला काही द्यायचंय तिची साक्ष घेऊ नये. म्हणून त्यांचं मन राखायला आज दुपारी हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. कलम तीनपर्यंत जाग्या हुत्या, जात्याला हसल्या. कलम चार चालू झालं आणि पदर पुढं आला. मी वाचत राहिले, पण हात धरला न्हाई. वाचून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, म्हणाल्या, "लई चांगलं लिहिलंस पुष्पे, शेवट तर फारच गोड," आणि सुपात दाणा टाकला. टीव्ही त्यांना दिलाय हे त्यांना अजून ठाऊक न्हाई. मी असेपर्यंत कुणी सांगू नये.

ठिकाण: चिंचेवाडी, आमचा ओटा
दिनांक: ११ जानेवारी २०२६

सही: पुष्पावती सूर्यभान मरकड

साक्षीदार:
१. गोरक्ष मरकड, दूध डेअरी, चिंचेवाडी. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. छगन शिरसाठ, पोस्टमन. माझ्यासमोर सही केली. सुपातला दाणाही बघितला.