सहावं पत्र

५ फेब्रु. ५६, रविवार
भोईवाड्यात मधूच्या आईकडे, माईंकडे. मधूची पाच पत्रं पुन्हा वाचून दाखवली. माईंना मोतीबिंदू, पण सगळं पाठ. एक ओळ गाळली तर लगेच, "मेजर झालास तरी कामचुकारच रे!"
कॅप्टन मधू ब्रह्मदेशच्या आघाडीवर पडला त्याला बारा वर्षं होत आली. तार आली, सरकारी पत्रही आलं. माई एकच धरून बसल्यात. तारेतल्या तारखेनंतरची पाच पत्रं आली, मेलेला माणूस पत्रं लिहितो का?
सून इंदूने चहा दिला. कपाळावर कुंकू ठसठशीत. माझ्याकडे नुसतं बघितलं. चोराच्या मनात चांदणं.

८, बुध.
गुडघा ठणकतोय. याच गुडघ्यापायी लष्कराने घरी बसवलं. खोताच्या वाडीतल्या पोरांनी माझ्या जिन्याखाली 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' चुन्याने रंगवलंय. अक्षर बरं आहे. शेजारचे अप्पा रोज विचारतात, "मेजरसाहेब, लष्कर आणतील काय हो?" मला काय ठाऊक! निवृत्त माणसाला बायकोसुद्धा बातमी देत नाही, आणि मला तर तीही नाही.
संध्याकाळी इंदू आली. इथे प्रथमच. बसली नाही. तिच्या शाळेतल्या एका विधुर मास्तरांनी मागणी घातली आहे. तिची तयारी आहे.
"माईंची ना नाही हो. पण म्हणतात, नवरा जिवंत असताना दुसरा कसा करशील? मी चौतीस वर्षांची आहे, भाऊजी. तुम्ही त्याच्याजवळ होतात. काही ठाऊक असेल तर सांगा ना."
बघू, म्हणालो. बघू!

९, गुरु.
इथे तरी लिहावं.
चढाईच्या आधी आम्ही सगळेच अशी पत्रं लिहून ठेवायचो. 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' तारखेची जागा कोरी. सवड मिळणार नाही, घरचे घाबरतील, म्हणून दोस्ताने तारीख घालून दर सोमवारी एक टाकायचं. मधूची पाच माझ्याकडे होती. मला मलेरिया झाला. इस्पितळात जाण्यापूर्वी पुढच्या चार सोमवारांच्या तारखा घालून चार पत्रं हवालदार कारकुनाला दिली. त्याच शुक्रवारी मधू पडला. कारकून हुकमाचा पक्का, त्याने चारही टाकली. मी महिन्याने परतलो, तोवर दहन कधीच उरकलं होतं.
चार चुकून गेली. पाचवं माझ्या खिशात होतं. ते मी टाकलं. जाणूनबुजून, शुद्धीवर असताना. तारेवर विश्वास न ठेवता माई आणखी एक आठवडा सुखात राहतील, एवढाच विचार. त्या आठवड्याची बारा वर्षं झाली.
लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१२, रवि.
सांगितलं. उभ्यानेच, रिपोर्ट दिल्यासारखं. इंदू दाराशी होती.
माई गठ्ठा चाचपत म्हणाल्या, "पाचवं कुठलं?"
हातात दिलं. बाजूला काढून ठेवलं त्यांनी.
"तो गेला तेव्हा जवळ कोण होतं?"
"त्याचा सुभेदार. मला त्यानेच सगळं सांगितलं."
"मग ते लिही. खोटं पत्राने आलं, खरंही पत्रानेच येऊ दे. इंदू वाचेल. तोवर मी हिला हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही."
इंदू आत गेली. चहा आला नाही. निघालो.

१३, सोम.
सकाळी दार लावून बसलो. तारीख आजची घातली. 'ती. माईंस सा. न. वि. वि.' इथवर ठीक. पुढे सवयीने हात लिहून जातो, 'मी खुशाल आहे.' तीन कागद फाडले.
टपाल पाचला निघतं. आता साडेतीन. चौथा कागद घेतलाय.