पेपर बुडाला तरी तिला सांगावे

मी, रत्नदीप दामू रोकडे, वय वर्षे चोवीस, शिक्षण आठवी, राहणार मौजे वैशाखरे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, सध्या मुक्काम मोरबी, गुजरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, नशापाणी केलेलं नाही, कुणाची जबरदस्ती नाही. बिघडली आहे ती फक्त छाती. लादीच्या कामातली धूळ आत बसली आहे आणि आता ती निघणार नाही, असं इथल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. किती दिवस राहिले ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कायद्याची भाषा सुदामची आहे. सुदाम कसाऱ्याचा, बारावी झालेला, माझ्या खोलीत राहतो. मी "नाय" लिहिलं की तो "नाही" करायला लावतो. कुठे राहून गेलं असेल तर समजून घ्यावं.

कलम १. वैशाखऱ्याचं वडिलांचं कौलारू घर आणि मागची पडवी, यातला माझा हिस्सा माझी धाकटी बहीण संघरत्ना हिला मिळावा. बाकीचा आधीच तिचा आहे. सुदाम म्हणाला, "दहावी पास झाल्यास, असं घाल ना. पोरगी अभ्यास तरी करेल." घालणार नाही. ती पास होवो, नापास होवो, लग्न करो, न करो, घर तिचं. डोक्यावरचं छप्पर मार्कांवर टिकलंय असं वाटणारी पोर अभ्यास काय करणार?

कलम २. बँकेतलं, पीएफचं आणि कामगार म्हणून जे काही मिळेल ते, सगळं तिला. मोटारसायकल माझा दोस्त ओमकार यास. त्याने तिचा हॉर्न बदलावा, मला कधी जमलं नाही. लादीचा कटर आणि पाणसळ सुदामला द्यायची होती, पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असं त्यानेच वाचून दाखवलं. मग तीही ओमकारला. सुदाम अजून तोंड पाडून बसला आहे.

मी एका जागी टिकलो नाही, हे खरं. कसाऱ्याला रेल्वेच्या ठेकेदाराकडे, मग भिवंडीला गोदामात, मग सुरत, मग इथे. आई म्हणायची, "तुज्या पायाला भिंगरी लावलीय कोनी?" वडील गेले तेव्हा संघरत्ना दुसरीत होती. पुढे तिच्या शाळेत पालक सभेला मीच जायला लागलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा सर म्हणाले, "भाऊ नको, पालक आण." संघरत्ना सगळ्यांसमोर बोलली, "सर, बाजारात आज मेथीच हाय." सगळे हसले, सरही हसले. त्या दिवसापासून ती मला "भाजी" म्हणते. फोन उचलला की, "काय रे भाजी, जेवलास का?"

कलम ३. माझ्यानंतर तिचे पालक म्हणून माझी आत्या कमळाबाई, राहणार वैशाखरे, हिने राहावं. भावाला पालक नेमण्याचा हक्क नाही, असं सुदाम सांगतो. हक्क नसेल तर ही इच्छा समजावी. इतकी वर्षं पालक होतो तेव्हाही हक्क कुणी विचारला नव्हता.

आत्याला वाचता येत नाही म्हणून तिच्यासाठी सोपं लिहितो. श्वेता मॅडमनी तिला वाचून दाखवावं. मॅडम संघरत्नाच्या वर्गशिक्षिका आहेत.

आत्या, तिला पहाटे उठवू नकोस. पहाटे ती नुसती पुस्तकावर डोकं ठेवून बसते. दुपारी शाळेतून आली, जेवली, जरा लवंडली की मग तिचं डोकं चालतं. गणित ती मोठ्याने बोलून करते, तिला गप्प बसवू नये. कबड्डीला जाऊ द्यावं. पोटात दुखण्याच्या दिवसांत शाळेची घाई करू नये, आणि नाटक करते असं तर म्हणूच नये. घरी आल्यावर "किती पडले" हे विचारायचं नाही. "आज कोण भेटलं" हे विचारायचं. गप्प बसली तर तू वाल सोलत शेजारी बस. तुझ्याजवळ ती अर्ध्या तासाने बोलते, हे मी दिवाळीत पाहिलं आहे.

कलम ४. हे कलम सर्वांनी नीट वाचावं. बाकीचं मृत्युपत्र याच्यासाठी लिहिलं आहे.

आमची आई दोन वर्षांमागे मुरबाडच्या दवाखान्यात सकाळी वारली. त्या दिवशी संघरत्नाचा आठवीचा गणिताचा पेपर होता आणि ती शाळेत जाऊन बसली होती. मी मोरबीहून गाडीत होतो. शहापूरचे आमचे चुलते, सदानंद काका, सगळ्यांना म्हणाले, "पेपर बुडू देऊ नका. पोरीचं वर्ष जाईल. सुटल्यावर सांगू." आमच्या समाजात शिक्षणाची किंमत मोठी आहे, म्हणून कोणी नाही म्हणालं नाही. आईला अंगणात ठेवून सगळे पेपर सुटायची वाट बघत बसले.

काका स्वतः शाळेच्या फाटकावर थांबले. ती हसत बाहेर आली. काकांच्या तोंडातून शब्द निघेना, म्हणून त्यांनी तिच्या हातातली प्रश्नपत्रिका घेतली आणि विचारलं, "सातवं कसं सोडवलंस?" ती सांगत गेली, ते मान डोलवत गेले. शेवटचं गणित झाल्यावर त्यांनी सांगितलं.

मी पोचलो तेव्हा ती मला एवढंच बोलली, "दादा, माजा पेपर चांगला गेला व्हता रे."

त्यानंतर काका तिला चांगल्या शाळेसाठी शहापूरला घेऊन गेले. नववीच्या सहामाहीत तिने पेपर कोरे दिले. काकांना वाटलं मस्ती आहे. "भावासारखी लेबर होशील," असं ते बोलले. दिवाळीला मी तिला आत्याकडे आणून सोडलं, तेव्हा वालाच्या शेंगा सोलताना तिने सांगितलं की पेपर हातात आला की तिला वाटतं, बाहेर कोणीतरी मेलंय आणि सगळे तिच्या सुटण्याची वाट बघतायत.

म्हणून लिहितो. माझं काही झालं तर तिला सर्वांआधी कळवावे. पूर्वपरीक्षा असो, बोर्डाचा पेपर असो, तो चालू असो, वर्गातून बाहेर काढून कळवावे. पेपर बुडाला तर बुडाला. तो पुन्हा देता येतो. मी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तिला पुढे बसवावं आणि रडू द्यावं. त्या दिवशी अभ्यासाचं नाव कोणी काढू नये.

कलम ५. सदानंद काकांना माझ्याकडून काही नाही. राग होता, तोही ठेवून जात नाही. वडील गेल्यावर तिचं नवं दप्तर त्यांनीच आणलं होतं. त्या फाटकावर उभं राहणं मला तरी जमलं असतं का, ठाऊक नाही. पण तिला परत शहापूरला नेऊ नये, एवढं ऐकावं.

इथे मृत्युपत्र संपलं होतं. सुदाम म्हणाला, "आता तिला काय बोलू नको. बोर्ड होऊन जाऊ दे, मग सांग." मग दोघांच्याही ध्यानात आलं, काका हेच बोलले होते.

म्हणून आज दुपारी मी फोन लावला आणि सही करण्याआधी वरचं सगळं तिला वाचून दाखवलं. साक्षीदार हजर होते. हॉर्नच्या ठिकाणी ती हसली. कलम चार वाचताना मला दोनदा थांबावं लागलं, खोकल्यामुळे. वाचून झालं तेव्हा फोनमध्ये मागे आत्याच्या कोंबड्या ओरडत होत्या.

मग ती बोलली, "एक शब्द चुकलाय."

मी म्हटलं, "कुठचा गो?"

"कळवावे लिवलंय तू. दोन्ही जागी. कळवतात मेल्यावर. बोलवावे लिव."

"पूर्वपरीक्षा हाय तुजी सोमवारपासून."

"तूच लिवलंस ना, बुडाला तर बुडाला. वाचलंस कशाला मग?" आणि मागे वळून, "आत्या, बॅग काढ."

फोन सुदामने घेतला आणि तिला मोरबीची गाडी सांगितली.

दुरुस्ती: कलम ४ मधील "कळवावे" हा शब्द दोन्ही ठिकाणी खोडून तेथे "बोलवावे" असा केला आहे. दुरुस्ती संघरत्ना दामू रोकडे हिच्या सांगण्यावरून, मला मान्य. बाजूला माझी सही आहे.

ठिकाण: मोरबी
दिनांक: ११ जानेवारी २०२५

लिहून देणार: रत्नदीप दामू रोकडे (सही)

वरील सही व दुरुस्ती आमच्यासमक्ष झाली. लिहून देणार शुद्धीत होता आणि रडत होता.

साक्षीदार:
१. सुदाम भगीरथ वाख, रा. कसारा (सही)
२. रघू कोंडू भोईर, रा. शहापूर, हल्ली याच खोलीत (सही). उद्या रविवारी स्टेशनवर तिला घ्यायला मी जाणार आहे.