बंदुकीचं तोंड

३ डिसेंबर
आज बुऱ्हाणपूरला आले. सुधाकरराव महाजन स्वतः स्टेशनवर आले होते. घरी न्यायच्या आधी गरम मावा जिलेबी खायला घातली. त्यांनी हौसेनं जमवलेल्या तलवारी, कट्यारी, बंदुका यांचा गंज काढायचं काम मला मिळालंय. सगळ्यांत देखणी तोड्याची बंदूक; जळत्या सुती दोरीनं बार उडवायची. दिवाणखान्यात मधोमध लाकडी घोडीवर आडवी ठेवलीय. नळीवर चांदीची वेल, आत मात्र गंजाचा बोळा. सुधाकररावांच्या बायकोनं, अलकाकाकूंनी, माझा हात बराच वेळ सोडलाच नाही.

६ डिसेंबर
नळी साफ झाली. बत्ती द्यायचं बुजलेलं भोकही सुईनं मोकळं केलं. सुधाकरराव खूश. एक गंमत: नळीचं तोंड खिडकीकडे करून ठेवलं होतं, जेवून आले तर माझ्या टेबलाकडे वळलेलं. काकू म्हणाल्या, कोणीच हात लावला नाही.

८ डिसेंबर
टेबल दाराशी नेलं. नळी दाराकडे. स्वयंपाकघरात जाऊन बसले, तर भिंतीपलीकडून माझ्याच रोखानं. सुधाकररावांचं म्हणणं, घोडी जुनी, हलत असेल. बंदूक घोडीला करकचून बांधली. मी जागची उठले आणि गाठ करकरली.

९ डिसेंबर
काकूंना स्पष्टच विचारलं. त्या पोळीला तूप लावत होत्या.
“तू आली ना, तेव्हापासून ती माझ्याकडे पाहत नाही, बेटा. इतक्या वर्षांनी सुखानं जेवते मी.”
मी विचारलं, मग तुम्हाला तिनं काही केलं कसं नाही? त्या म्हणाल्या, तेव्हा नळी बुजलेली होती.

१० डिसेंबर
न सांगता निघाले. शाहपूरपर्यंत दोन्हीकडे केळीच्या बागा, आणि बसमध्ये सुती दोरी जळाल्याचा वास. शेजारच्या बाईला येत नव्हता. पाठीत एकच जागा तापलेली.

११ डिसेंबर
जळगाव. आईजवळ. वास इथंही. काकूंचा फोन — तोंड जळगावाकडे. दोरी कोणी लावली माहीत नाही, पेटलीय, पाण्यानं विझत नाही —
म्हणाल्या, नवीन माणूस आलं तर त्याच्याकडे वळेल. काकूंना सोडून माझ्याकडे वळली तशीच.

१२ डिसेंबर
पाठ भाजतेय. आईला जवळ येऊ देत नाही — मध्ये आली तर —
तृप्तीचा मेसेज. माझ्यासोबतच हे काम शिकली, कधीची घरी बसून आहे. विचारते, बुऱ्हाणपूरला अजून कोणी हवंय का.
‘हो’ लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. वास एकदम कानाशी — तृप्ती, तू