काचेखालचं काजळ

आई, आप्पांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सारखे थेंब टाकावे लागतात, ते विसरतात, मग मी कामावरून आले की आधी बाटली शोधते. काल थेंब टाकताना ते तुझ्याबद्दल बोलले, म्हणून लिहायला बसले. एरवी हल्ली जेवायचाही कंटाळा येतो.

काष्टीच्या घरातली ती दुपार तू विसरली नसशील. आप्पा दुसऱ्याच्या दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायचे आणि सुट्टीला घरी पंपाच्या ऑटो स्टार्टरची सर्किटं बनवायचे. सुप्याच्या एका कारखान्याने नमुना मागितला होता. पसंत पडला असता तर कायमचं काम मिळणार होतं, आणि मग स्वतःचं दुकान. तुम्ही दोघं त्या दुकानाबद्दल इतकं बोलायचात की मला ते झालंच आहे असं वाटायचं. सर्किटचं चित्र श्रीगोंद्याच्या लग्नपत्रिकावाल्याकडून ट्रेसिंग पेपरवर छापून यायचं. ऊन लागलं की सुटणारा मसाला लावलेल्या तांब्याच्या प्लेटवर तो कागद, वर काच, आणि सगळं अंगणात उन्हाला. काळ्या रेघांखालचं तांबं टिकायचं, बाकीचं नंतर औषधाच्या पाण्यात, तुझ्या धुण्याच्या टबात, विरघळायचं. टबाचे डाग जात नाहीत म्हणून तू कुरकुरायचीस.

त्या वेळी छपाई फिकी आली. पत्रिकावाला म्हणाला होता की याच मशीनवर सगळ्या गावाची लग्नं लागतात. आप्पा कागद दाराच्या उजेडात धरतात, आणि रेघांमधून बारीक बारीक ऊन दिसतं. एरवी रेघा गडद व्हाव्यात म्हणून ते एकावर एक दोन कागद ठेवायचे, पण या वेळचा दुसरा कागद मशीनमध्ये तापून आखडला होता, रेघा जुळेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्याला जायचं होतं आणि उजेड लागू नये म्हणून गोधडीत गुंडाळून ठेवलेली ती शेवटचीच प्लेट उरली होती. आप्पा नुसते बसून राहिले. तेव्हा तू आतून तुझी डबी आणलीस.

"काजळ लावून बघा की. याच्यापरीस काळं काय हाय घरात?"

आप्पा हसले. त्या दिवसांत ते क्वचित हसायचे. काडीने एकेक रेघ भरली, तू कागद ताणून धरलास, मी माशा वारत होते. मग काच ठेवून अंगणात. काजळ तुझ्या हातचं, एरंडेलात कालवलेलं. काच तापली तसं ते पघळलं, आणि शेजारशेजारच्या रेघा एक झाल्या. टबातून प्लेट बाहेर आली तेव्हा रेघा नाहीतच, तांब्याचा नुसता एक पसरट डाग. आप्पांनी ती धुतली, पुसली, आणि फळीवर ठेवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काम दुसऱ्याला गेलं, आप्पा म्हातारे होईपर्यंत त्याच दुकानात राहिले, आणि तू डोळ्यात काजळ घालणं सोडलंस. माझ्या लग्नातसुद्धा मला घातलंस, स्वतः नाही. मी आग्रह केला तर म्हणालीस, "मला सोसत न्हाई."

काल एका डोळ्यात थेंब गेल्यावर आप्पा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "काच तापती हे मला ठाव हुतं. तिला कुठनं ठाव असणार?"

एवढं एक वाक्य तुझ्यासमोर बोलले असते तर काय बिघडलं असतं? तू शेवटपर्यंत समजत राहिलीस की त्यांचं दुकान तू घालवलंस. मला फार राग आला, आई, अजून आहे. हे त्यांना तोंडावर विचारायचं होतं. पण ते थकलेत, मीही थकलेय. मी म्हटलं, "आप्पा, दुसरा डोळा उघडा." आणि त्यातही थेंब टाकले.